ठकूबाईची बैठक

एप्रिल लागला की मला दोन वास एकदम येतात, मोगऱ्याचा आणि टर्पेंटाइनचा. मोगऱ्याचं कौतुक सगळेच करतात. टर्पेंटाइनवर जीव असणारी सबंध नाशिक रोडमध्ये मी एकटीच निघेन. पण मला ते दोन वास वेगळे करता येत नाहीत. बाकीच्यांचा एप्रिल आंब्यांचा, लग्नांचा, गावी जाण्याचा असतो. माझा परीक्षेचा. पूर्वी देण्याचा होता, आता घेण्याचा आहे, एवढाच काय तो फरक.

यंदा नववीच्या मुलींना मी चित्राच्या परीक्षेत विषय दिला होता, ‘सामर्थ्यवान स्त्री’. हल्ली हा विषय हवेतच आहे. भिंतींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर, बँकेच्या कॅलेंडरवरसुद्धा. बेचाळीस कागद आले. निम्म्याहून जास्त मुलींनी आठ हातांची बाई काढली आणि आठही हात कामाला जुंपले. एकात लाटणं, एकात फाइल, एकात पोर, एकात झाडू. एकीने तर सहाव्या हातात पेटलेला स्टोव्ह दिला होता. देवीच्या हातात निदान शस्त्रं असतात. या बिचारीचा एकही हात मोकळा नाही, की कोणी आगाऊपणा केला तर एक चापट द्यावी! मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसत बसले.

हसता हसता नजर हातांवरून मानांवर गेली. बहुतेक सगळ्या बायकांच्या माना खाली होत्या. हात आठ, बळ एवढं, आणि डोळे जमिनीवर. दुसऱ्या दिवशी एका मुलीला विचारलं, ‘‘काय गं, ही खाली काय शोधतेय?’’ ती लाजून म्हणाली, ‘‘बाई, अशी काढली की छान दिसते ना.’’ तिला रागावण्यात अर्थ नव्हता. ती मोठ्यांचं बघूनच शिकली होती, आणि आम्हीही तसंच शिकलो होतो. लाल पेन बाजूला ठेवला आणि ठकूबाईला आठवत बसले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. वर्गात पंधरा जण आणि त्यांत मुलगी मी एकटी. माझे वडील, अण्णा, नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते. कॉलनीतल्या इतर वडिलांनी मुलींना टायपिंगच्या क्लासला घातलं. अण्णांनी मला रंगांची पेटी आणून दिली आणि वर सगळ्यांची बोलणी खाल्ली. आता त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. आमच्याच भागातल्या एका शाळेत जूनपासून चित्रकला शिक्षकाची जागा भरायची होती. हेडमास्तर म्हणाले होते, ‘‘पास होऊन या, जागा तुमचीच.’’ नापास झाले तर जागा दुसऱ्याची आणि मी टायपिंगला. आईने त्या क्लासच्या वेळासुद्धा विचारून ठेवल्या होत्या. त्या एका परीक्षेवर माझं सगळं अडलेलं होतं, आणि हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

नाशिक रोडहून बसने जायचं. हातात माझ्यापेक्षा रुंद ड्रॉइंग बोर्ड. द्वारकेच्या चौकात बस खच्चून भरायची आणि माझा बोर्ड कोणाच्या तरी बरगडीत घुसायचा. कंडक्टर म्हणायचा, ‘‘ताई, या फळीचं अर्धं तिकीट काढा, नाहीतर हिला मांडीवर घ्या.’’ सगळी बस हसायची. मीही हसायचे, पण बोर्ड सोडायची नाही.

आमचे पाटणकर सर फार जीव लावून शिकवत. कलेच्या इतिहासाच्या तासाला ते खिडक्यांना काळे पडदे लावायचे आणि भिंतीवर स्लाइड टाकायचे. त्या अंधारात मी किती बायकांना भेटले! इजिप्तची एक राणी होती, स्वतः राज्य करणारी. तिच्या पुतळ्याला चक्क दाढी होती. सर म्हणाले, सिंहासनावर बसलेला राजा कसा दाखवायचा हे शिल्पकारांना माहीत होतं, बाई कशी दाखवायची हे ठाऊक नव्हतं, म्हणून तिलाही दाढी. मुलं खदखदली. मला मात्र त्या दाढीखालची तिची हनुवटी दिसली, सरळ, कोणाच्या बापाला न भिणारी. तिथलीच एक सिंहमुखी देवी होती, गुडघ्यांवर दोन्ही तळवे टेकून बसलेली. काही हातात नाही, काही मारत नाही, नुसती बसली आहे. पण तिच्यासमोरून जाताना कोणीही आवाज खाली करील अशी बसली आहे.

ग्रीकांची एक शिरस्त्राण घातलेली देवी पाहिली. एका पायावर भार, दुसरा गुडघा सैल, बसची वाट पाहावी तशी निवांत उभी. कुठल्याशा चर्चच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांतून घडवलेली एक सम्राज्ञी पाहिली. तिचे डोळे एवढे मोठे की अंधारात ती आपल्यालाच निरखून पाहतेय असं वाटावं. आफ्रिकेतल्या एका राजमातेचं पितळी मस्तक होतं, उंच टोपीचं. आणि आपली वेरूळची महिषासुरमर्दिनी, जिच्या अंगात वादळ आणि चेहऱ्यावर शांती. सर तिच्यावर बोलायला लागले की तास कधी संपला ते कळायचं नाही. पुढे शिक्षक झाल्यावर मी शाळेच्या सहलीबरोबर वेरूळला गेले तेव्हा मुलींना म्हटलं, आधी तिचे पाय बघा, मग हात मोजा.

पण पडदे बाजूला झाले, उजेड आला, की आम्ही दुसऱ्या खोलीत जायचो आणि तिथे वेगळाच कायदा होता. तिथे जिवंत माणूस समोर बसवून रंगवायचं. म्हातारे महादूबाबा मॉडेल म्हणून आले की सर म्हणायचे, ‘‘बाबा, काठी रोवून बसा, छाती काढा, समोर बघा.’’ ठकूबाई आली की सर प्रेमाने म्हणायचे, ‘‘बाई, गुडघे जवळ. हात मांडीत. मान जराशी खाली.’’ मग आमच्याकडे वळून, ‘‘नजर खाली गेली की बाईच्या चित्रात आपोआप भाव येतो.’’ आम्ही माना डोलवायचो. अर्ध्या तासापूर्वी भिंतीवर जे पाहिलं आणि आता जे करतोय, त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही.

ठकूबाईचा मखमलाबादकडे फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, गुलछडी आणि उन्हाळ्यात मोगरा. पहाटे तोडणी करून सकाळी ती फुलबाजारात बसायची. सर पूजेची फुलं तिच्याकडून घ्यायचे, तिथेच त्यांनी तिला चित्रासाठी बसायला विचारलं. ‘‘नुसतं बसायचं?’’ तिने विचारलं होतं म्हणे, ‘‘आन् काम काय?’’ नुसतं बसणं हेच काम आहे यावर तिचा पहिले आठ दिवस विश्वास बसला नाही. बसल्या जागी ती वाती वळू लागली, तेव्हा सरांना त्या काढून घ्याव्या लागल्या.

पन्नाशीची असेल. काळीसावळी, रुंद खांद्यांची. आवाज असा की मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला जावा. येताना पदरात मोगऱ्याच्या कळ्या आणायची आणि माझ्या रंगांच्या पेटीत टाकायची. ‘‘तुझ्या त्या घासलेटाच्या वासाला लय कंटाळले बाई,’’ म्हणायची. टर्पेंटाइनला ती शेवटपर्यंत घासलेटच म्हणाली. माझे ते दोन वास एकत्र झाले ते असे.

मॉडेलला एका दमात फार वेळ बसवत नाहीत. चाळीसेक मिनिटांनी थोडी विश्रांती. उठण्याआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने रेघ ओढायची, म्हणजे परत आल्यावर माणूस त्याच जागी, तस्साच बसतो. महादूबाबांच्या पायांभोवती कोणीही रेघ मारी. ठकूबाईच्या पायांना हात लागेल म्हणून मुलं बिचकायची, तेव्हा ते काम आपसूक माझ्याकडे आलं. वर्षभर मी तिच्यापुढे उकिडवी बसून त्या पावलांची बाह्यरेषा काढली. भेगा पडलेल्या टाचा, झिजलेली जोडवी, डाव्या अंगठ्याचं फुटलेलं नख. तिचा चेहरा मला विचार करून आठवावा लागायचा, पाय मात्र तोंडपाठ होते.

विश्रांतीत ती भिंतीवर टाचलेली छापील चित्रं बघत हिंडायची. ‘‘ही कोण गं?’’ सिंहमुखी देवीपुढे थांबून तिने विचारलं. मी सांगितलं. ‘‘बसली झ्याक हाय,’’ ती म्हणाली, ‘‘पाटलीनबाईवानी.’’ दाढीवाल्या राणीचं ऐकून इतकी हसली की पदर तोंडात धरला. मग एकदम म्हणाली, ‘‘आमची गडावरची आई पायली का तू?’’

मी सप्तशृंगीच्या गडावर गेले नव्हते. आमच्या घरी देव्हारा नव्हता. बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे मेणबत्ती. ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, ‘‘अठरा हात हायेत तिला, पन तिची मान बघ येकदा. कलती हाय. पोथी ऐकाया लागली तशी कान देऊन ऱ्हायली. खाली नाय घातलेली. ऐकाया कलती केलेली येगळी आन् खाली घातलेली येगळी.’’

मला ते नीट कळलं नाही. मी नुसतं ‘‘हो का’’ म्हटलं.

‘‘तुमच्यात देवी नाय ना? मग तू कुनाकडं बघती?’’

मग पांडवलेणी आठवली. रविवारी अण्णा आम्हा भावंडांना तिथे न्यायचे, पायऱ्या चढून धापा टाकत वर गेलं की एका मोठ्या लेण्यातला शिलालेख दाखवायचे. ते लेणं एका राजाच्या आईने भिक्खूंना दान दिलं होतं. तिने दगडावर कोरून ठेवलंय, मी अमक्याची आई, अमक्याची आजी, हे मी दिलं. अण्णांना ती लिपी यायची नाही, पण ते अक्षरांवरून बोट असं फिरवायचे जणू त्यांच्याच आईचं पत्र आहे. मी हे ठकूबाईला सांगितलं.

‘‘चित्र नाय तिचं?’’

‘‘नाही. नुसती अक्षरं.’’

‘‘बरं झालं,’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘चित्र आस्तं तं कोनीतरी मान खाली करून ठेवली आस्ती.’’

मी हसले. तिला काय म्हणायचं होतं ते मला एप्रिलमध्ये समजलं.

त्या वर्षीचा एप्रिल कडक होता. रंगांच्या पेटीवर ओलं फडकं टाकलं तरी ते तासाभरात वाळून कडकडीत व्हायचं. रस्त्यांवरच्या गाड्यांवर द्राक्षांचे शेवटचे घड उरले होते, तेही सुरकुतलेले. परीक्षेत शेवटी पूर्णाकृती रंगवायची होती. चार दिवस, रोज पाच तास, एकच मॉडेल, एकच बैठक. बाहेरून एक पर्यवेक्षक आले होते, चष्म्याच्या वरून बघणारे. मॉडेल ठकूबाई आहे कळल्यावर मला हायसं वाटलं. जागांच्या चिठ्ठ्या टाकल्या, मला समोरची जागा मिळाली. सरांनी नेहमीप्रमाणे बसवलं, गुडघे जवळ, हात मांडीत, मान खाली. मी खडूने रेघा मारल्या आणि कामाला लागले.

पहिला दिवस माझा सुंदर गेला. चेहरा झरझर उतरला. खाली गेलेल्या पापण्या, गालावर छाया, ओठांशी थोडं दुःख. संध्याकाळी वर्गातला अविनाश माझ्या मागे उभा राहून म्हणाला, ‘‘विशाखा, तू तर पहिल्याच दिवशी पास झालीस.’’ मी मनातल्या मनात शाळेच्या हजेरीपटावर सहीसुद्धा केली.

जाताना ठकूबाई प्रत्येक चित्रासमोरून फिरली. पंधरा घोड्यांवर, म्हणजे चित्र टेकवायच्या लाकडी चौकटींवर, पंधरा चित्रं. नेहमी काहीतरी थट्टा करायची, त्या दिवशी नुसती एकेक मान निरखत पुढे सरकली. चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, मॉडेलच्या लाकडी चौथऱ्यावर चढली आणि खुर्चीत बसली. पाठ ताठ. गुडघे फाकलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे, एक पाऊल पुढे. मान वर, आणि नजर थेट समोर, म्हणजे माझ्यावर.

‘‘ठकूबाई, मान,’’ सर म्हणाले.

‘‘ऱ्हाऊ द्या सर, अशीच.’’

सरांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. ते जवळ गेले, समजावलं, की काल सुरू केलेलं चित्र आहे, बैठक बदलता येत नाही. पर्यवेक्षकही उठून आले आणि म्हणाले, ‘‘मॉडेलने हालता कामा नये, तसा नियम आहे.’’

‘‘कुठं हालते मी?’’ ठकूबाई म्हणाली. ‘‘काल पंधरा ठिकानी बघितली मला. पंधरा ठिकानी वाईट बातमी ऐकल्यावानी बसले. अशी बाजारात बसले तं माझी जागा दुसरी बाई घेईन, आन् गिऱ्हाइक हातातली फुलं घेऊन पळंल. ती मी नाय.’’

‘‘अहो, पोरांचं वर्ष आहे,’’ सर अगदी रडकुंडीला आले होते.

‘‘पोरांचं वरीस हाय म्हनून तं आले. उठून चालले का मी? चारी दिवस बसते, रोज तास जास्ती बसते. पन माझ्यावानी बसते.’’

आज मोठ्या कौतुकाने सांगते, पण त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. माझा चेहरा झाला होता. माझी शाळा, माझी नोकरी, अण्णांनी खाल्लेली बोलणी, सगळं त्या खाली गेलेल्या मानेवर उभं होतं, आणि या बाईला आजच ताठ बसायचं सुचलं! एवढं वर्षभर बसली ना निमूट? मला रडू येत होतं.

‘‘विशाखा,’’ सर म्हणाले, ‘‘तू सांग तिला. खुणांवर पाय ठेव तिचे.’’

‘‘धर गं पाय,’’ मागून अविनाश म्हणाला.

मी चौथऱ्यापाशी गेले आणि नेहमीसारखी उकिडवी बसले. कालच्या रेघा तिथेच होत्या, एकमेकींना चिकटलेल्या दोन पावलांच्या. ती पावलं आता त्या रेघांत नव्हती. एक बाहेर, एक पुढे. मी तिचा घोटा धरायला हात पुढे केला आणि वर पाहिलं.

वर्षभर मी तिथे बसून पाय पाहिले होते, वर कधी पाहिलं नव्हतं. खालून ती केवढी दिसली! गुडघ्यांवरचे ते तळवे मी ओळखले. इजिप्तच्या देवीचे होते. हनुवटी दाढीवाल्या राणीची. डोळे भिंतीवरच्या सम्राज्ञीचे. आणि ती यांतल्या कोणाची नक्कल करत नव्हती. ती फुलबाजारात रोज सकाळी बसायची तशी बसली होती. जगभरच्या लोकांनी हजारो वर्षं दगडात, पितळेत, काचेत जी बैठक घडवली, ती आम्ही समोर आयती आलेली असताना वर्षभर खाली दाबून बसवत होतो. मला स्वतःची लाज वाटली. राग कुठे गेला ते कळलंही नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘बघ बाई काय करायचं ते. खडू तुझ्या हातात हाय.’’

मी घोटा सोडला. रंग पुसायचं टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि जुन्या रेघा पुसल्या. त्या नीट पुसल्या गेल्याच नाहीत. लाकडावर पांढरा फराटा राहिला. त्याच्या बाहेर, तिची पावलं होती तिथे, मी नव्या रेघा मारल्या. रेघ एका दमात आली.

मग एकदम गलका झाला. ‘‘तू आमची वाट लावलीस,’’ अविनाश ओरडला, आणि त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी कोणाला विचारलं नव्हतं. पर्यवेक्षक नियमांचा कागद शोधू लागले. सर बराच वेळ ठकूबाईकडे पाहत उभे होते. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वेळ जातोय. कामाला लागा.’’

मी कालचा तो सुंदर चेहरा चाकूने खरवडून काढला. रंग अजून ओला होता, पटकन निघाला.

बाकीच्या चौदा जणांनी काय केलं? त्यांनी कालचंच चित्र पुढे चालू ठेवलं. समोर ताठ बसलेली बाई, आणि चौदा कॅनव्हासवर मान खाली घातलेली. कोणाचं फारसं अडलं नाही. मधल्या सुट्टीत मी ती चित्रं पाहिली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मान खाली घातलेली बाई रंगवायला समोर बाई लागतच नव्हती. ती सगळ्यांना पाठ होती. अविनाशलाही मी हेच म्हणाले, ‘‘तुझं काय बिघडलं? तू तिच्याकडे बघतोयस कुठे?’’ तो त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मला मात्र प्रत्येक रेघेसाठी बघावं लागत होतं. ताठ मानेच्या शिरा कशा दिसतात, कोणी शिकवलं नव्हतं. नजरेला नजर देणारा डोळा रंगवायचा तर आपणही नजर हलवायची नाही. दर दहा मिनिटांनी मी खाली बघायचे आणि ठकूबाई म्हणायची, ‘‘इकडं बघ.’’ तीन दिवस आम्ही दोघी एकमेकींकडे टक लावून बसलो होतो. तिने शब्द पाळला, रोज लवकर आली. सर कुलूप उघडून द्यायचे, पण पर्यवेक्षक आल्याखेरीज ब्रश उचलता येत नसे, तेव्हा मी नुसती बघायचे. तेवढ्या बघण्याने पुढचे पाच तास सोपे जायचे.

तरी चौथ्या दिवशी घंटा झाली तेव्हा चित्र अपुरंच होतं. चेहरा, खांदे, हात, लुगड्याचे घोळ झाले होते. पाय राहिले होते. जे पाय मला तोंडपाठ होते तेच राहिले! शेवटच्या दोन मिनिटांत मी पांढऱ्या रंगाने नुसत्या खडूच्या रेघा काढल्या, नव्या दोन पावलांच्या, आणि त्यांच्या मागे तो पुसट फराटा. समोर दिसत होता म्हणून काढला, दुसरा काही विचार नव्हता.

घरी अण्णांना सगळं सांगितलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘टायपिंगच्या बाई सोमवारी ये म्हणाल्यात.’’ अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘पोरी, ती बाई चौथऱ्यावरून उतरून गेली असती तर परीक्षाच झाली नसती. ती बसून राहिली, हे विसरू नकोस.’’ आणि शांतपणे पेपर वाचायला लागले.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले, पूर्णाकृतीत अगदी काठावर. सरांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘परीक्षक तुझ्या चित्रासमोर सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले आणि सगळ्यात कमी गुण दिले.’’ मग म्हणाले, ‘‘यंदापासून मी मॉडेलला कसं बसायचं ते सांगणार नाही.’’ एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते आता मी स्वतः शिक्षक झाल्यावर मला समजतं. नोकरी मिळाली. आईने टायपिंगचा विषय काढणं सोडलं.

वर्षाने परीक्षेची चित्रं परत मिळाली, तेव्हा मी ते चित्र ठकूबाईला नेऊन दिलं. तिने ते भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. ‘‘हां,’’ म्हणाली, ‘‘आता वळखू येती. पन पाय कुठंयत माझे?’’ मी म्हटलं, येऊन पूर्ण करते. ते करते करते म्हणत दहा वर्षं गेली. कधी पाऊस, कधी बाळंतपण, कधी शाळेचं गॅदरिंग. बाजारात भेटली की ती पदर जरा वर करून पाय दाखवायची आणि म्हणायची, ‘‘हायेत अजून. लवकर ये.’’

परवा त्या बेचाळीस मानांचे गुण भरून झाले आणि मी रंगांची पेटी उचलली. आता तिथपर्यंत रिक्षा जाते. ठकूबाई बाजेवर बसून कळ्या निवडत होती. केस पांढरे झालेत, खांदे तेवढेच. चित्र माजघरात, टीव्हीच्या वर. त्याला कोणी हार घातला नव्हता, हे मला फार आवडलं. ते उतरवून अंगणात आणलं, धूळ पुसली. मी आधी त्या खालच्या पांढऱ्या फराट्यावर तपकिरी रंग लावायला घेतला, म्हणजे पाय काढायला स्वच्छ जागा होईल.

‘‘ते काय करती?’’

‘‘हा डाग झाकते. तुमच्या आधीच्या पायांची खूण आहे. त्या दिवशी मी पुसली होती ना, नीट पुसली गेली नव्हती.’’

ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. मग माझं मनगट धरलं. फुलं तोडणाऱ्या हाताची पकड काय असते ते मला माहीत होतं, तरी दचकले.

‘‘पाय काढ,’’ ती म्हणाली, ‘‘पन ती रेघ झाकू नको. आधी कुठं बसवली व्हती ते दिसाया पायजे ना.’’

मग तिने कळ्यांची पाटी खाली ठेवली, बाजेवर सरळ झाली आणि पावलं जमिनीवर टेकवली, एक जरा पुढे. मी पेटीतून खडू काढला, तिच्यापुढे उकिडवी बसले, आणि रेघ मारण्याआधी या वेळी वर पाहिलं.